मिशिगनमार्गे सोलापूर

सांगलीहून सोलापूरला जायला गाडीनं चार तास लागतात. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा. वाटेत एकदा चहा, एकदा उसाचा रस. मी मात्र मागच्या एप्रिलात हा प्रवास अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातून केला. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उलट्या दिशेनं निघालं तरी माणूस मुक्कामी पोचतो, हे फळ्यावर वर्तुळ काढून मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्याचं प्रात्यक्षिक स्वतःच करून दाखवावं लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की माझी मोठी बहीण सुधाताई चाळीसहून जास्त वर्षं तिकडे आहे. डॉक्टर होती, आता निवृत्त. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात तिचं घर. भावोजी मोटारींच्या कंपनीत होते, ते जाऊन पाच वर्षं झाली. त्यांची एकुलती एक मुलगी इरा. तिकडेच जन्मलेली, आता अडतिशीची, लग्न न केलेली. शाळेत मुलांना बँड शिकवते. या इरानं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि कागदपत्रांचा मोठा घाट चढून झाल्यावर तिला मुलगी मिळाली ती कुठं, तर सोलापुरातल्या एका संस्थेत. नाव रेणू. वय सव्वादोन वर्षं.

रेणूला आणायला इराबरोबर ताई येणार होती. पण मार्चमध्ये टपालपेटीपर्यंत जाताना बर्फावरून तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. लगेच मला फोन.

"नंदू, इकडे ये."

"इकडे म्हणजे?"

"इकडे म्हणजे इकडे. ट्रॉयला."

"अगं ताई, मूल सोलापुरात आहे! मी इथून सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला तिथं पोचतो. इरा मुंबईला उतरली की मी गाडी घेऊन हजर."

"मुंबईला उतरायला आधी ती इथून निघायला हवी," ताई म्हणाली. "ती बॅग भरत नाहीये रे."

भावोजी आजारी असताना काढलेला व्हिसा माझ्या पासपोर्टात तसाच पडून होता. तेव्हा पोचता आलं नव्हतं. या वेळी जायचं ठरवलं.

बॅग भरण्याचं घराणं

आमच्या घरात ही बातमी कळल्यावर माझी बायको मंगल खुर्चीत बसून हसली. "तुम्हाला? बॅग भरायला? तुम्हाला बोलावलंय?" महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा मी पायजमे घरी विसरून नाड्या तेवढ्या बॅगेत घातल्या होत्या, हा इतिहास तिनं मुलांना पुन्हा एकदा सांगितला. मग माझी बॅग तिनंच भरली. भडंग, मेतकूट, घरची हळद, शेंगदाण्याची चटणी. माझे कपडे वर उरलेल्या जागेत.

पण खरं सांगायचं तर ताईनं मला बोलावण्याला एक जुना आधार होता. तिची पहिली बॅग मीच बंद केली होती.

ताई माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी. ती अमेरिकेला निघाली तेव्हा मी दुसरीत होतो. निळी, कडक पाठीची, दोन खटक्यांची बॅग. तिच्यात आईनं काय काय कोंबलं होतं! लोकरीची शाल, पोळपाट, लाटणं, लिंबाचं लोणचं, कुंकवाचा करंडा, आणि आयत्या वेळी आणखी एक पातेलं. झाकण बसेना. बाबांनी गुडघा लावून पाहिला, काकांनी हात लावून पाहिला. शेवटी कुणीतरी म्हणालं, नंदूला वर बसवा. मला उचलून बॅगेवर ठेवलं. "बस. हलू नकोस." मी श्वास धरून जड व्हायचा प्रयत्न केला. एक खटका बसला, दुसरा बसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी उतरेना.

मला एवढंच कळलं होतं, की मी बसलोय तोवर ही बॅग कुठे जात नाही. बॅग जात नाही, तर ताई जात नाही. हिशेब सरळ होता. सगळे हसत होते. ताई हसत नव्हती. मग बाबांनी मला काखेत धरून उचललं आणि खाली ठेवलं. टॅक्सी दारात होती.

एवढ्या पात्रतेवर मी अमेरिकेला गेलो.

ट्रॉय

विमानाचं काही सांगत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही केलं ते सुखी आहेत. डेट्रॉइटला भडंगाचं पाकीट बघून तिथल्या अधिकाऱ्यानं हे काय म्हणून विचारलं. मी "पफ्ड राइस, व्हेरी स्पायसी, फ्रॉम सांगली" असं सांगितल्यावर त्यानं पाकिटाकडे, मग माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि जाऊ दिलं.

इरा घ्यायला आली होती. उंच, केस कापलेले, भावोजींचं नाक. लहानपणी सुट्टीत आली की सांगलीच्या घरात माझ्या पाठीवर बसून फिरायची. आता तिनं माझी बॅग एका हातानं उचलून गाडीत टाकली.

"मामा, यू लुक टायर्ड."

"मी कायमच असा दिसतो गं. तुझ्या मामीला विचार."

ट्रॉय म्हणजे आपल्या मनातलं गाव नव्हे. रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब, आणि माणसं सगळी गाड्यांत. पायी चालणारा मी एकटाच, त्यामुळे रोज सकाळी दोन-तीन गाड्या थांबून कुणीतरी काच खाली करून "आर यू ओके?" विचारायचं. एप्रिल लागला होता तरी झाडांना पान नव्हतं. दुकानांच्या आवारात कडेला बर्फाचे ढीग काळे पडून राहिले होते, आपल्याकडे गणपतीनंतर मांडवाचं सामान राहतं तसे.

ताई सोफ्यावर पाय उशीवर ठेवून बसली होती. मला बघून म्हणाली, "वाळलास रे." मग भडंग फोडायला लावलं. पहिला घास तोंडात गेल्यावर तिनं डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

तिचा फ्रीझर उघडला आणि मी थक्क झालो. आत अख्खा महाराष्ट्र गोठवून ठेवला होता. पुरणाचे गोळे, किसलेला नारळ, मोडाची मटकी, पुण्याच्या कुणीतरी आणलेल्या पोळ्या. प्रत्येकावर नाव आणि तारीख, डॉक्टरी अक्षरात. वाचता येत नव्हतं. त्यामुळे आम्ही एकदा कटाची आमटी समजून वितळवलेल्या डब्यात साखरेचा पाक निघाला.

पण बॅगेचं काही हलेना. विमान पुढच्या गुरुवारी. इरा शाळेतून यायची, गाडी धुवायची, पियानोवरची धूळ पुसायची, आईचं औषध द्यायची. स्वयंपाकघरातला एक ड्रॉवर तिनं पूर्ण रिकामा करून पुन्हा लावला. वरच्या मजल्यावर तिच्या खोलीशेजारच्या खोलीचं दार बंद असायचं. मी जेवताना सहज म्हणून विषय काढायचो.

"इरे, रेणूसाठी काय काय घ्यायचंय, बघूया का?"

"ऑन द वीकेंड, मामा."

शनिवार आला. शनिवारी ती म्हणाली, "टुमॉरो." रविवारी तिनं आईच्या खिडक्या पुसल्या.

ती स्वयंपाकघराबाहेर गेल्यावर मी ताईला हळूच विचारलं, "हिला नको आहे का मूल?"

"गप रे," ताई म्हणाली. "मागच्या वर्षी एक जुळत आलेलं मोडलं. तेव्हापासून अशी झालीय." ते मला उडतउडत ठाऊक होतं. पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घराण्यात महत्त्वाचं बोलणं नेहमी असं अर्ध्यावर राहतं.

सोमवारी पहाटे मात्र मी रेणूला पाहिलं. आठवड्यातून एकदा संस्थेतून व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे दुपार. इरा पियानोच्या बाकावर ताठ बसली होती. पडद्यावर एक गोल चेहरा, कपाळावर मोठी काळी टिकली. पत्र्याच्या मोठ्या डब्यावर पाय लोंबकळत सोडून बसलेली. मागून तिथल्या मावशी म्हणाल्या, "कशावर तरी चढून बसल्याबिगर हिचं चित्त थाऱ्यावर नसतंय बघा! रेणू, आईला नमस्कार कर की."

रेणूनं नमस्कार केला नाही. ती आमच्याकडे बघतही नव्हती. इरानं ट्रम्पेट काढून हळू एक सूर वाजवला. रेणूनं वळून दुसरीकडे पाहिलं.

"शी हेट्स मी," कॉल बंद झाल्यावर इरा म्हणाली.

"अगं, मीसुद्धा ट्रम्पेटकडे बघत नाही."

ती हसली. पण बॅगेचं नाव काढलं तशी उठून शाळेला गेली.

दोरी

त्या सोमवारी ऊन पडलं. आल्यापासून पहिल्यांदा. आकाश निळंभोर, एक ढग नाही. ज्यांना सांगलीची सवय आहे त्यांनाच कळेल, असं ऊन नुसतं पडून वाया जाताना बघणं किती अवघड असतं. आमच्याकडे ऊन पडलं की आधी काहीतरी वाळत घालतात, मग बघतात काय घातलं.

मी ठरवलं, आपणच सुरुवात करायची. ताई वर झोपली होती. मोठी बॅग तळघरात असेल म्हणून खाली गेलो. जिन्याखाली एक हिरवी मोठी बॅग होती. ओढली तर जड. चेन उघडली, आणि मला इराचं कौतुक वाटलं. बॅग भरलेली होती! वर मऊ दुपटी, खाली झबल्यासारखे छोटे सदरे, पायमोजे, टोपडी, एक लोकरीचा स्वेटर. सगळं कोरं करकरीत, काहींना दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच. माझ्या पोरी, मी मनात म्हटलं, गुपचूप भरून ठेवलीस होय! एकच खटकलं: सगळं तान्ह्या बाळाच्या मापाचं होतं. सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या एका पायात तो सदरा गेला नसता. मी म्हटलं, असू दे, हिला माप कळत नाही, एकटी पोर.

पण कोरे कपडे तसेच मुलाच्या अंगाला? आमच्या आईनं अशी बॅग पाहिली असती तर हंबरडा फोडला असता. आमच्याकडे बाळाला पहिलं नेसू जुनं, कुणा धडधाकट पोरानं वापरलेलं, धुऊन मऊ झालेलं. आता जुनं कुठून आणू? निदान धुऊन तरी ठेवू. ताईच्या सुकवण्याच्या यंत्राला बटणं इतकी, की ते सुरू केलं तर विमानच उडेल अशी भीती. म्हणून मी सगळे कपडे हातानं, साबणाचा फेस करून, न्हाणीघरात उकिडवा बसून धुतले. मागच्या अंगणात मेपलच्या झाडापासून डेकच्या खांबापर्यंत दोरी बांधली. चिमटे नव्हते, ताईच्या स्वयंपाकघरात वेफर्सच्या पाकिटांना लावायच्या क्लिपा होत्या, त्या लावल्या.

कुंपणापलीकडे शेजारचे म्हातारे हॅरल्ड उभे होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अशी दोरी मी आई गेल्यानंतर पाहिली नव्हती," ते इंग्रजीत म्हणाले. "पण आज गोठतील हं कपडे."

मी वर्गातल्या इंग्रजीत त्यांना समजावलं, की ऊन चांगलं आहे. भूगोलाचा माणूस, अक्षांश-रेखांश तोंडपाठ, आणि उघड्या उन्हात हवा शून्याखाली असू शकते हे मला तेव्हा सुचलं नाही. ते आत जाऊन एक जुनी कापडी पिशवी घेऊन आले. लाकडी चिमटे होते, वापरून करडे झालेले. "आईचे," म्हणाले आणि कुंपणावरून माझ्या हातात दिले.

वारा सुटला. इतके छोटे सदरे त्या वाऱ्यानं फुगून आले, हात पसरून उभे राहिल्यासारखे. मी आत जाऊन चहा टाकला. खूष होतो स्वतःवर.

ताईचं घर कोपऱ्यावरचं आहे. शाळेकडून येताना मागचं अंगण रस्त्यावरूनच दिसतं. गाडी थांबल्याचा आवाज आला, पण गॅरेजचं दार उघडल्याचा आला नाही. मी खिडकीतून पाहिलं. इराची गाडी रस्त्यातच तिरकी उभी, दार उघडं, आणि इरा अंगणात दोरीसमोर. हलत नव्हती.

मी सपाता घालून धावलो. "इरे, धुऊन टाकले मी. तू भरून ठेवलीस, सांगायचं नाही का? जरा माप चुकलंय, पण..."

"मामा," ती म्हणाली, "दे आर ओम्स."

ओम. त्या मुलाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. सात महिन्यांचा होता. कागद झाले होते, खोली रंगवून झाली होती, बॅग भरून दाराशी उभी होती. आणि त्याची आजी सापडली. खेड्यातली, नातवाला शोधत फिरलेली. ती येऊन त्याला घेऊन गेली.

"इट वॉज गुड. इट वॉज द राइट थिंग," इरा म्हणाली. "मी त्यांना तसंच लिहिलं, आय ॲम हॅपी फॉर हिम. मग बॅग खाली नेऊन ठेवली. मला ती उघडता नाही आली, मामा. दुसरी बॅग घ्यायला दुकानात गेले, ते पण नाही जमलं. इफ आय पॅक, ही पण जाईल."

आई शप्पथ सांगतो, मला त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. मी भराभर चिमटे काढू लागलो. पण कपडे हातात आले ते पापडासारखे. हॅरल्डचं खरं ठरलं होतं. सगळे गोठून कडक झाले होते. एक सदरा मी घाईनं दुमडायला गेलो तर कटकन आवाज झाला.

"डोन्ट फोर्स इट!" इरा ओरडली. मग तिनं तो माझ्या हातून घेतला, आडवा, काच धरावी तसा. एकेक करून आम्ही सगळे आत आणले. हात पसरलेले छोटे सदरे दोघांच्या कवेत. वर खिडकीत ताई कुबडीवर उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

त्या घरांत जमिनीला जाळ्या असतात, त्यातून गरम हवा येते. आम्ही दिवाणखान्यात प्रत्येक जाळीभोवती कपडे मांडले आणि ते मऊ व्हायची वाट बघत खाली बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ताई जिना उतरून आली, एकेक पायरी, आणि येऊन आमच्यात बसली.

"तू ती बॅग तशीच ठेवली होतीस?" तिनं इराला विचारलं. "मला वाटलं, देऊन टाकलीस."

"तू विचारलं नाहीस, आई."

"हो," ताई म्हणाली. "नाही विचारलं."

जाळीतून हवा येत होती. हळूहळू एकेक बाही खाली पडायला लागली.

"मामा, तू ते का धुतले? दे वर न्यू," इरानं विचारलं. मी तिला आमची रीत सांगितली. बाळाला पहिलं कोरं घालत नाहीत. आधी दुसऱ्या कुणी घातलेलं हवं. आणि मूल हातात येईपर्यंत घरात काही आणून ठेवायचं नाही, हेही.

"हो? बाय द रूल्स, आय वॉज राइट नॉट टू पॅक?"

"अगदी. तूच घरातली एकटी खरी मराठी."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम; लहानपणी पाठीवरून पडली की करायची तसं. मग पहिला मऊ झालेला सदरा मांडीवर घेऊन तिनं घडी घातली.

"बट नोबडी वोअर देम. कुणीच नाही घातले."

"घातले की. दुपारभर वाऱ्यानं घातले होते. मी स्वतः पाहिलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा सदरा घेतला.

शैलाकाकूंचा फ्रॉक

दुसऱ्या दिवशी ताईनं फोन फिरवला आणि संध्याकाळी शैलाकाकू हजर. मूळ नागपूरच्या, ट्रॉयमध्ये पस्तीस वर्षं, पण बोलणं अजून तिकडचंच. हातात नातीच्या जुन्या कपड्यांची ही मोठी पिशवी.

"काहून सांगितलं नाही गं सुधा आधी? माझ्या घरी पोट्टीचे कपडे सडून राहिले न! बघ इरा, हा फ्रॉक. माझ्या नातीनं घातला, तिच्या मावसबहिणीनं घातला, दोघी घोड्यासारख्या धावून राहिल्या. हाच पहिला घालजो."

पिवळ्या फुलांचा, विरून गेलेला, एका खिशाला टाका मारलेला फ्रॉक. इरानं तो पोटाशी धरला आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "ओके. लेट्स पॅक."

बॅग तीच, हिरवी. ओमचे कपडे तळाशी, सोलापूरच्या तान्ह्या मुलांसाठी. वर रेणूचे. मग वादावादी. इराला खाऊचे डबे, दूध, वाटाण्याची पावडर, सगळं न्यायचं होतं. "अगं, सोलापुरात माणसं राहतात," मी म्हणत होतो, "तीही जेवतात." शैलाकाकू म्हणाल्या, मेतकूट-भात दे तिला, काही होत नाही. ते मेतकूट मी सांगलीहून आणलेलं. म्हणजे ते सांगलीहून ट्रॉयला येऊन, तिथून सोलापूरला चाललं होतं, माझ्यासारखंच.

वरची बंद खोली उघडली. भिंती फिक्या निळ्या होत्या, ओमसाठी रंगवलेल्या. इरा म्हणाली, तशाच राहू देत. रंग रेणू ठरवील.

गुरुवारी निघताना हॅरल्डना चिमट्यांची पिशवी परत द्यायला गेलो. घेतली नाही. "दोरी ठेवा," म्हणाले. ताई सांगते, ती अजून तिथंच आहे.

ताई दारात कुबडीवर उभी राहिली. मी पाया पडलो. ती म्हणाली, "या वेळी मी घरी आणि तुम्ही निघालात. हे जास्त अवघड असतं का रे?"

"सवय होते," मी म्हटलं. होत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

सोलापूर

मुंबईहून सांगली, एक रात्र मंगलच्या हातचं जेवण, आणि मग मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा. चहा एकदा, उसाचा रस एकदा. इरा खिडकीतून बाहेर बघत होती आणि तोंडातल्या तोंडात मराठी वाक्यं पाठ करत होती. "ये गं. भूक लागली? भिऊ नकोस." 'भिऊ' तिला जमत नव्हतं.

संस्थेच्या ओसरीवर गार फरशी. रेणू खांबाआड. जाणकारांनी इराला बजावलं होतं, की ओढायचं नाही, घाई करायची नाही. म्हणून ती फरशीवर बसली आणि बॅग उघडली. ओमचे कपडे काढून मावशींना दिले. त्यांनी एक टोपडं हातावर चढवून पाहिलं, म्हणाल्या, "किती मऊ हो!" इरानं माझ्याकडे पाहिलं.

सह्या झाल्या. पेढा झाला. खांबाआडून एक डोळा दिसायचा आणि जायचा. पिवळा फ्रॉक मावशींनी तिच्या अंगावर चढवला होता, पण नव्या आईकडे यायचं नाव नाही. तास होऊन गेला. मला ताईचा चेहरा आठवत होता, आणि तो ट्रम्पेटचा सूर. इराच्या ओठांवरची वाक्यं केव्हाच संपली होती.

निघायची वेळ आली तशी रेणूचं सामान आणलं. तिची गोधडी, स्टीलची वाटी, एक कान गेलेला ससा. आणि सोलापूरकरांनी आहेर म्हणून दोन चादरी दिल्या, एक आईला, एक तिकडच्या आजीला. सोलापुरी चादर ज्यानं उचललीय त्याला पुढचं सांगायला नको. बॅग बसेना. इरानं गुडघा लावला. मी हात लावला. चेन अर्ध्यावर येऊन अडली.

खांबाआडून पावलं आली. रेणूनं दोन्ही तळहात बॅगेवर टेकवले, एक पाय वर टाकला, चढली आणि बसली. कुणाकडेही न बघता. पाय लोंबकळत.

इरानं श्वास धरला. मग हळूहळू, रेणूच्या पायांखालून, चेन ओढत गेली. एका कोपऱ्यावरून वळली, दुसऱ्या कोपऱ्यावरून वळली. बसली.

"शाब्बास! उतर गं आता," मावशी म्हणाल्या, "आईला बॅग उचलू दे."

रेणूनं बॅगेची मूठ घट्ट धरली. मावशी तिला काखेत धरून उचलायला वाकल्या. मी 'थांबा' म्हणणार, तेवढ्यात इरा म्हणाली, स्वच्छ मराठीत, "नको. बसू दे तिला."

तिनं एक हात रेणूच्या पाठीशी धरला आणि बॅग ढकलली. चाकं फरशीवर खडखडली. ओसरी संपली, उतार आला, अंगण आलं. मी पुढे पळत जाऊन गाडीची डिकी उघडली, आणि तशीच बंद केली. ती बॅग आता कुणी उचलणार नव्हतं.

गाडीपाशी इरा थांबली. रेणूनं मान वर करून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या, आवाजात हुकूम.

"अजून."

इरानं बॅग वळवली आणि त्या दोघी अंगणाला दुसरी फेरी मारायला निघाल्या. सांगली चार तासांवर होती. मी झाडाखाली सावलीत जाऊन बसलो.